'रणांगण': वंशद्वेषाचे आशयसूत्र आणि व्यक्तिरेखांचे परस्परसंबंध

१

विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' ही छोटेखानी कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. फडके-खांडेकरांच्या कादंबरीने मराठी वाचकाची अभिरुची घडवली होती, तो हा काळ. नागपूरकडे माडखोलकरांची राजकीय कादंबरी रुजत होती. मर्ढेकरांचे 'रात्रीचा दिवस' यायला अजून तीन वर्षे होती. अशा वेळी युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या एका बोटीवर, मोजक्या दिवसांच्या प्रवासात घडणारी ही कथा प्रस्थापित कादंबरीच्या कोणत्याच घरात बसणारी नव्हती. आरंभी तिची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे नवकादंबरीची चर्चा सुरू झाल्यावर तिला पूर्वसूरीचा मान मिळाला आणि आज ती मराठीतील अभिजात कादंबऱ्यांत गणली जाते.

या मान्यतेच्या इतिहासात दोन वाचने ठळकपणे दिसतात. एका वाचनानुसार 'रणांगण' ही चक्रधर विध्वंस आणि हॅर्टा यांची शोकात्म प्रेमकथा आहे, आणि नाझी राजवट व येऊ घातलेले महायुद्ध ही तिची पार्श्वभूमी होय. दुसऱ्या वाचनानुसार ती युद्धाच्या छायेतील माणसाच्या असहायतेची कादंबरी आहे, आणि प्रेमकथा हे त्या असहायतेचे निमित्त होय. दोन्ही वाचनांत एक गोष्ट समान आहे. हॅर्टावर झालेला वांशिक अन्याय हा बोट सुटण्यापूर्वीच, जर्मनीत, पुरा झालेला आहे असे दोन्हीकडे गृहीत धरले जाते. बोटीवर उरतात ते केवळ त्याचे परिणाम.

हे गृहीत तपासून पाहण्याची गरज आहे. 'रणांगण'मधील अन्याय जर्मनीत संपत नाही. तो बोटीवर चालू राहतो आणि मुंबई बंदरात पुरा होतो. तेथे तो पुरा करणारा माणूस नाझी नसतो. कादंबरीचे आशयसूत्र घटनांपेक्षा व्यक्तिरेखांच्या परस्परसंबंधांत गुंतलेले आहे. ते तेथे शोधले तर ही कादंबरी मराठी समाजाला किती जवळची आहे हेही ध्यानात येते. बेडेकर मूळचे अमरावतीचे; १९०६ साली त्यांचा जन्म तेथेच झाला. तरीही वऱ्हाडच्या वाङ्मयीन इतिहासाच्या हिशेबात 'रणांगण' क्वचितच जमा धरली जाते. त्याचे कारणही या चर्चेच्या ओघात येईल.

२

हॅर्टा ज्या लोकांतून आली त्यांची स्थिती प्रथम पाहणे आवश्यक आहे. सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी जर्मनीतील ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले आणि ज्यू व बिगरज्यू यांच्यातील विवाह व शरीरसंबंध हा गुन्हा ठरवला. ज्यू कोण, हे ठरवण्यासाठी माणसाच्या श्रद्धेपेक्षा त्याच्या आजी-आजोबांची मोजदाद महत्त्वाची मानली गेली. ऑक्टोबर १९३८ पासून ज्यूंच्या पारपत्रांवर तांबड्या शाईत 'जे' हे अक्षर उमटू लागले. त्याच वर्षीच्या ९-१० नोव्हेंबरच्या रात्री प्रार्थनामंदिरे जाळली गेली, दुकाने फोडली गेली. जानेवारी १९३९ पासून ज्यू स्त्रियांना 'सारा' आणि पुरुषांना 'इस्राएल' हे नाव सक्तीने जोडावे लागले. देश सोडणाऱ्याला बरोबर दहा मार्क नेण्याची मुभा होती. माणसाचे नावच कायद्याने बदलून टाकणे आणि त्याला केवळ एका गटाचा नमुना ठरवणे, हे या सगळ्या व्यवस्थेचे सार होते.

पण देश सोडून जायचे कोठे? जुलै १९३८ मध्ये एव्हियाँ येथे बत्तीस देशांचे प्रतिनिधी या प्रश्नावर विचार करण्यासाठी जमले. सहानुभूती जवळजवळ सर्वांनी व्यक्त केली. दार मात्र फार थोड्यांनी उघडले. मे १९३९ मध्ये 'सेंट लुई' ही नऊशेवर निर्वासितांची बोट क्यूबाने परत लावली आणि तिला युरोपात फिरावे लागले. प्रवेशपत्राशिवाय उतरता येईल असे शांघाय हे त्या काळातील जवळजवळ एकमेव मोठे बंदर होते. म्हणून सुएझ, मुंबई, कोलंबो असा प्रवास करीत निर्वासितांच्या बोटी पूर्वेकडे निघाल्या. मुंबईच्या धक्क्याला लागणाऱ्या अशा बोटींवरील हिंदी प्रवासी उतरून घरी जात. प्रवेशाचे कागद नसलेले ज्यू प्रवासी मात्र कठड्याशी उभे राहून ते शहर दुरून पाहत.

हा प्रश्न मराठी मुलखाला, विशेषतः विदर्भाला, त्या वेळी दूरचा होता असे मानण्याचे कारण नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावहून, म्हणजे पुढच्या सेवाग्रामहून, गांधीजींनी ज्यूंच्या प्रश्नावर 'हरिजन'साठी लेख लिहिला. ख्रिस्ती जगाने ज्यूंना दिलेली वागणूक आणि हिंदूंनी अस्पृश्यांना दिलेली वागणूक यांतील साम्य त्यांनी त्यात दाखवले. दुसऱ्याच वर्षी, १९३९ साली, नागपुरातून प्रसिद्ध झालेल्या मा. स. गोळवलकर यांच्या इंग्रजी पुस्तकात जर्मनीतून झालेल्या ज्यूंच्या हकालपट्टीचा उल्लेख वंशाभिमानाचे, हिंदुस्थानने बोध घ्यावा असे, उदाहरण म्हणून आला. आणि त्याच वर्षी अमरावतीच्या एका लेखकाने हॅर्टा मराठी वाचकापुढे उभी केली. तीन भिन्न भूमिकांतून, एक-दीड वर्षाच्या अवधीत, हा प्रश्न विदर्भाशी जोडलेल्या लेखनात उमटला. पहिल्या दोघांनी ज्यूंचा विचार समूह म्हणून केला. बेडेकरांनी एका स्त्रीचा विचार केला. कादंबरीकाराचे म्हणून जे वेगळे काम असते ते हेच.

३

वांशिक अन्यायावरील पाश्चात्त्य कादंबरीत बहुधा न्यायालय असते. हार्पर ली यांच्या १९६० सालच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या गाजलेल्या अमेरिकन कादंबरीत आरोपी टॉम रॉबिन्सन काळा आहे, त्याचा वकील अ‍ॅटिकस फिंच गोरा आणि सज्जन आहे, पंच गोरे आहेत आणि निकाल अन्यायाचा आहे. तेथे अन्यायाला स्थळ आहे, वेळ आहे, आणि त्याच्याविरुद्ध बोलणारा एक आवाज आहे. वाचकाला कोणाच्या बाजूने उभे राहायचे हे ठाऊक असते. बहुतेक वेळा तो वकिलाच्या बाजूला, सुरक्षित अंतरावर, उभा राहतो.

'रणांगण'मध्ये असे न्यायालय नाही. आरोपपत्र नाही, वकील नाही, निकालही नाही. ज्यांनी हॅर्टाला देशोधडीला लावले ते पडद्याआड आहेत. बोटीवर आहेत ती साधी माणसे: चक्रधर, त्याचे शिंदे आणि मन्नान यांच्यासारखे हिंदी सहप्रवासी, आणि जर्मनीतून बाहेर फेकली गेलेली ज्यू कुटुंबे. ही माणसे गप्पा मारतात, एकमेकांची चेष्टा करतात, प्रेमात पडतात. समुद्रावर कोणत्याच देशाचा कायदा डोळ्यांना दिसत नसल्यामुळे बोटीवर माणसांच्या विभागण्या सैल होतात. न्यूरेंबर्गच्या कायद्याने जे संबंध गुन्हा ठरवले असते, ते येथे सहज जुळू लागतात. ज्यांच्या जातीधर्मांनी त्यांना घरी एका पंक्तीला बसू दिले नसते, ते हिंदी प्रवासी येथे एकत्र वावरतात.

ही मोकळीक खरी असली तरी उसनी आहे. प्रत्येक बंदर जवळ आले की कागदपत्रे बाहेर निघतात आणि माणसे पुन्हा आपापल्या रकान्यांत जाऊन बसतात. समुद्र आणि बंदर यांचा हा ताण कादंबरीच्या रचनेचा कणा आहे. समुद्रावर माणूस व्यक्ती असतो. बंदरात तो गट होतो. 'रणांगण' हे शीर्षक यामुळे अन्वर्थक ठरते. तोफांचे युद्ध अजून सुरू व्हायचे आहे. येथील युद्ध आहे ते माणसाकडे व्यक्ती म्हणून पाहायचे की गट म्हणून, याचे.

४

हे युद्ध सर्वांत तीव्रपणे लढले जाते ते हॅर्टा आणि चक्रधर यांच्या संबंधात. या संबंधाची एक विशेषता अशी की त्यात दोनच माणसे नाहीत. हॅर्टाच्या बाजूला कार्ल आहे. तिच्यापासून तोडला गेलेला तिचा प्रियकर. चक्रधरच्या बाजूला उमा आहे; मायदेशी असताना त्याने जिच्यावर प्रेम केले आणि जी दुसऱ्याची झाली. दोघेही एकमेकांकडे पाहतात ते आपापल्या अनुपस्थित माणसामधून.

पण या दोन पाहण्यांची दिशा परस्परविरुद्ध आहे. हॅर्टाला चक्रधरमध्ये कार्लचा भास होतो. वंश, वर्ण, भाषा, धर्म यांपैकी काहीही जुळत नसताना एका हिंदी तरुणात तिला आपला जर्मन प्रियकर दिसतो. ज्या विचाराने तिला घराबाहेर काढले त्या विचाराचे तिच्या मनाने केलेले हे संपूर्ण खंडन आहे. माणूस त्याच्या वंशाने ओळखला जातो असे राज्यसंस्था सांगते; हॅर्टाला माणूस ओळखू येतो तो वंशाच्या सगळ्या खुणा ओलांडून. तिच्यावर जे लादले गेले ते तिने आत शिरू दिलेले नाही. हॅर्टा केवळ दयनीय ठरत नाही, ती बोटीवरील सर्वांत मोकळी व्यक्ती वाटते, याचे रहस्य येथे आहे.

चक्रधर याच्या उलट वागतो. उमाच्या प्रकरणाने दुखावलेला हा तरुण स्त्रीजातीकडेच तुच्छतेने पाहू लागला आहे. एका स्त्रीकडून झालेल्या मनोभंगाचा हिशेब तो सगळ्या स्त्रियांच्या नावे मांडतो. हॅर्टाशी त्याचा संबंध सुरू होतो तो मन न गुंतवता प्रवास सुखाचा करण्याच्या हेतूने. पुढे तो खरोखर गुंततो, पण गुंतत असतानाही मागे सरण्याची त्याची सवय सुटत नाही. त्याच्या दृष्टीने हॅर्टा प्रथम 'स्त्री' आहे, मग 'परदेशी स्त्री' आहे, 'निर्वासित' आहे. ती हॅर्टा व्हायला फार उशीर लागतो.

येथे कादंबरीचे आशयसूत्र आणि व्यक्तिरेखांचे नाते एकमेकांत मिसळतात. एकाच्या अपराधासाठी किंवा कल्पित अपराधासाठी संपूर्ण गटाला दोषी धरणे, आणि मग त्या गटातील प्रत्येक व्यक्तीला तो दोष चिकटवणे, ही वंशद्वेषाची तर्कपद्धती होय. नाझी राजवटीने ती ज्यूंना लावली. चक्रधर तीच स्त्रियांना लावतो. दोहोंच्या परिणामांत आकाशपाताळाचे अंतर आहे, आणि ते अंतर पुसून टाकणे हा अविवेक ठरेल. पण तर्काची जात एक आहे. अन्याय करणारा नेहमी दूरच्या देशात गणवेश घालून उभा नसतो. तो सुशिक्षित, संवेदनशील, स्वतः दुखावलेल्या माणसाच्या मनातही घर करून असतो. विशेष म्हणजे चक्रधर स्वतः पारतंत्र्यातील माणूस आहे. गोऱ्या जगात वर्णामुळे कमी लेखले जाणे म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायला नको. तरीही स्वतः सोसलेला अन्याय माणसाला दुसऱ्याच्या अन्यायाविषयी आपोआप शहाणा करीत नाही, असे ही कादंबरी कोणताही उपदेश न करता दाखवते.

कादंबरी चक्रधरच्या दृष्टिकोणातून उलगडते, त्याचेही महत्त्व येथे जाणवते. हॅर्टाच्या बाजूने ती सांगितली गेली असती तर वाचकाला तिच्याविषयी कणव वाटली असती आणि तो सुटला असता. चक्रधरच्या नजरेतून पाहताना वाचक त्याच्या चातुर्यात, त्याच्या सबबींत सहभागी होतो. पुढे हॅर्टाची पत्रे येतात तेव्हा तिचा आवाज प्रथमच मध्यस्थाशिवाय ऐकू येतो. त्या वेळेपर्यंत ती दूर गेलेली असते.

५

बोट मुंबईला लागते. चक्रधर उतरतो, हॅर्टा उतरू शकत नाही. एवढ्या एका घटनेत कादंबरीतील सगळे संबंध कसाला लागतात.

येथे एका ऐतिहासिक तपशिलाची आठवण ठेवणे उपयुक्त आहे. त्या काळच्या ब्रिटिश कायद्यानुसार ब्रिटिश प्रजाजनाशी विवाह करणाऱ्या परकीय स्त्रीला पतीचे प्रजाजनत्व मिळत असे, आणि हिंदी माणूस ब्रिटिश प्रजाजनच होता. बत्तीस राष्ट्रांच्या परिषदेला जे जमले नाही ते, निदान एका व्यक्तीपुरते, एका तरुणाच्या निर्णयाने होण्यासारखे होते. कादंबरी कायद्याची चर्चा करीत नाही. तिला त्याची गरजही नाही. परंतु हॅर्टाच्या समोरचे दार केवळ सरकारने लावलेले होते असे म्हणून चक्रधरला मोकळे सोडता येत नाही, एवढे या तपशिलावरून निश्चित होते.

चक्रधर क्रूर नाही. त्याचे प्रेम खोटे नाही. त्याचा निर्णय वेळेत होत नाही, इतकेच. या न होण्यामागे उमा आहे, घर आहे, परजातीची, परधर्माची, परदेशची मुलगी घरात आणणे म्हणजे काय याची न बोललेली जाणीव आहे. ज्या समाजात तो परततो आहे तेथे शेजारच्या जातीतील मुलीशी विवाह करायलाही धैर्य लागत होते. बोटीवर सैल झालेल्या गाठी धक्क्यावर पाय ठेवताच पुन्हा आवळल्या जातात. हॅर्टा पूर्वेच्या दिशेने पुढे जाते आणि अखेर समुद्रातच देह टाकते. चक्रधरला हे कळते ते दुरून. साक्षीदार होण्याचीही संधी त्याला उरत नाही. त्याचे आडनाव 'विध्वंस' आहे. हे खरोखरीचे मराठी आडनाव असल्यामुळे सुरुवातीला वाचकाच्या ते डोळ्यांवर येत नाही. शेवटी मात्र ते टोचल्यावाचून राहत नाही, कारण येथे विध्वंस कोणी शत्रू करीत नाही, तो प्रेम करणाऱ्याच्या निष्क्रियतेतून होतो.

६

आता प्रश्न उरतो तो या कादंबरीच्या मराठीपणाचा. 'रणांगण'मधील अन्याय वंशाचा आहे, आपला प्रश्न जातीचा आहे, तेव्हा ही कादंबरी आपल्यासाठी दूरची, असे म्हणण्याकडे वाचकाचा कल होऊ शकतो. या बाबतीत मराठी विचारपरंपरा अधिक सावध आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील निग्रोंची गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केला. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्था वंशभेदावर उभी आहे हे मत खोडून काढले. पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील चांभार एकाच वंशाचे आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. जात आणि वंश या गोष्टी एक नाहीत हे खरेच. पण जन्मावरून माणसाचे मोल ठरवणारी बुद्धी दोहोंच्या मुळाशी एकच आहे, म्हणून फुल्यांना अमेरिकन गुलाम जवळचा वाटला. शिवाय ज्यू हा मराठी माणसाला परका नव्हता. कोकणातील बेने इस्राएल तेल गाळीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून 'शनवार तेली' म्हणून ओळखले जात, आणि मराठीच बोलत. येथे त्यांचा छळ झाला नाही. मात्र त्यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' असे भेद रुजले होते. विभागणीची ही सवय आपल्या मातीत किती खोल आहे, याचा हा बोलका पुरावा होय.

'रणांगण'चे नाते बेडेकरांच्या घरातीलच दुसऱ्या एका कादंबरीशी जोडून पाहिले पाहिजे. त्यांच्या पत्नी मालतीबाई बेडेकर, म्हणजे विभावरी शिरूरकर, यांनी सोलापूर येथील तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत काम केले होते. त्या अनुभवातून त्यांची 'बळी' ही कादंबरी १९५० साली आली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींतील माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तारेच्या कुंपणाआडची वस्ती आणि हजेरी त्याच्या नशिबी आली. १९५२ साली ही नोंद पुसली गेली, पण कलंक लगेच पुसला गेला नाही. पारपत्रावरचे तांबडे अक्षर आणि वसाहतीच्या हजेरीपटावरचे नाव, दोन्ही एकाच प्रकारची लिपी आहे. एका घरातून आलेल्या या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचल्या, तर एकीतील जर्मनी दुसरीतील सोलापूरपासून फार दूर राहत नाही.

मग वऱ्हाडच्या वाङ्मयीन इतिहासात 'रणांगण'ला ठळक जागा का नाही? कारण प्रादेशिकतेची आपली कल्पना बोली, शेतशिवार आणि गाव यांपाशी थांबली. गो. नी. दांडेकरांच्या 'पूर्णामायची लेकरं'मधील किंवा उद्धव शेळके यांच्या 'धग'मधील (१९६०) वऱ्हाडी बोली कानाला तत्काळ ओळखू येते. त्या कादंबऱ्यांचा मान वादातीत आहे. पण वऱ्हाडचा जगाशी असलेला संबंध केवळ शिवारापुरता नव्हता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटले, तेथून इंग्लंडला जाणारा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दूर देशातील वर्णभेदाने पेटवलेल्या युद्धाने येथल्या शेतकऱ्याचे आणि व्यापाऱ्याचे नशीब बदलले होते. पुढे, १९२७ साली, अमरावतीतच अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला. ज्या नगरात माणसाला जन्मावरून दाराबाहेर ठेवण्याचा प्रश्न इतक्या उघडपणे पुकारला गेला, त्या नगरात वाढलेल्या लेखकाने धक्क्यावर न उतरू दिल्या गेलेल्या मुलीची कथा लिहावी, यात कार्यकारणभाव नसेलही. संगती मात्र आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी, वरूडजवळच्या शेंदूरजनाघाटात संत्र्याच्या बागांच्या मुलखात बसून 'रणांगण' वाचणाऱ्याला तिच्यात आपले गाव सापडणार नाही, आपली बोलीही सापडणार नाही. पण नायकाचे नाव त्याच्या कानाला ओळखीचे वाटेल. शेजारच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे श्रेष्ठ स्थान. श्रीचक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी तेथेच एकत्र केल्या. भिक्षेसाठी चारही वर्णांची दारे सारखी मानणाऱ्या त्या चक्रधरांचा कादंबरीकाराने विचार केला असेल असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. पण नाव तेच असूनही या आधुनिक चक्रधरला एक दार उघडता आले नाही, हे या मुलखातील वाचकाला अधिक लागेल.

'रणांगण' तिच्या नायकाला शिक्षा करीत नाही आणि क्षमाही करीत नाही. तो प्रश्न ती वाचकाच्या हाती देऊन संपते. हॅर्टाचा बळी कोणी घेतला, याचे उत्तर जर्मनीकडे बोट दाखवून देता येते, आणि ते खोटे ठरणार नाही. पण ते अपुरे ठरेल. बोट धक्क्याला लागली होती, शिडी खाली सोडलेली होती, आणि त्या शिडीवरून एक मराठी माणूस एकटाच उतरला.